कोण म्हणाले आणि काय म्हणाले : नामवाक्याची ओळख

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या माझ्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मेळाव्यात व्याकरण कशाला? ते वर्गात शिकवावे, परीक्षेत लिहावे आणि निकाल लागला की विसरून जावे, अशी आपली रीतच पडून गेली आहे. परंतु नामवाक्य हा व्याकरणाचा असा एक भाग आहे की तो आपण सकाळपासून रात्रीपर्यंत वापरत असतो. घरात, बाजारात, कचेरीत, कोर्टात, इतकेच काय नमाजातही. म्हणून पालकांनीही थोडा वेळ माझ्याबरोबर विद्यार्थी व्हावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

हे शेवटचे वाक्यच पाहा. 'पालकांनी माझ्याबरोबर विद्यार्थी व्हावे, अशी माझी विनंती आहे.' यात दोन वाक्ये एकात एक बसलेली आहेत. 'माझी विनंती आहे' हे मुख्य, म्हणजे प्रधान वाक्य. विनंती कोणती, ते सांगणारे 'पालकांनी विद्यार्थी व्हावे' हे गौण वाक्य. प्रधान आणि गौण मिळून झाले मिश्र वाक्य. गौण वाक्ये तीन प्रकारची असतात. जे विशेषणाचे काम करते ते विशेषणवाक्य, जे क्रियाविशेषणाचे काम करते ते क्रियाविशेषणवाक्य आणि जे नामाचे काम करते ते नामवाक्य. आपला संबंध आज या तिसऱ्याशी आहे.

नामाचे काम म्हणजे काय? 'सलीमने निरोप सांगितला.' काय सांगितला? निरोप. आता 'निरोप' हा एक शब्द काढून त्या जागी अख्खे वाक्य बसवा : 'सलीमने सांगितले की आजोबा गावाहून निघाले आहेत.' काय सांगितले? 'आजोबा गावाहून निघाले आहेत.' जिथे एक नाम बसत होते तिथे एक वाक्य येऊन बसले. हेच नामवाक्य.

येथे एक गंमत लक्षात घ्या. 'सलीमने निरोप सांगितला', 'सलीमने बातमी सांगितली', पण 'सलीमने सांगितले की...'. कर्माच्या जागी वाक्य येताच क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी झाले. मराठी भाषा संपूर्ण वाक्याला एक वस्तू मानते आणि तिला 'हे', 'ते', 'असे' या सर्वनामांनी हाक मारते. यातूनच ओळखीची सोपी कसोटी मिळते. गौण वाक्य झाकून त्या जागी 'हे' ठेवून पाहा, किंवा प्रधान वाक्यातील क्रियापदाला 'काय?' असा प्रश्न विचारा. उत्तरात ते वाक्य आले तर बहुधा नामवाक्य समजावे.

आता हे नामवाक्य वाक्यात कोणकोणत्या जागा घेते ते पाहू.

पहिली जागा कर्त्याची. 'तो निर्दोष आहे, हे सिद्ध झाले.' सिद्ध काय झाले? तो निर्दोष आहे, हे. म्हणून हे नामवाक्य कर्ता होय. येथे विद्यार्थ्यांसाठी एक खाच आहे. 'मला वाटते की पाऊस येईल' या वाक्यात घाईने पुष्कळ जण 'कर्म' असे लिहून मोकळे होतात. पण 'मला भीती वाटली', 'मला आनंद वाटला' ही वाक्ये आठवा. क्रियापद भीतीप्रमाणे आणि आनंदाप्रमाणे बदलते, कारण तेथे भीती आणि आनंद हेच कर्ते आहेत. तद्वत 'पाऊस येईल' हे नामवाक्यही 'वाटते' या क्रियापदाचा कर्ताच. 'मला ठाऊक आहे की तो प्रामाणिक आहे' यातही नामवाक्य कर्ता. आणि 'मी जाणतो की तो प्रामाणिक आहे' यात तेच नामवाक्य कर्म. अर्थ जवळजवळ एकच, पण जागा बदलली. म्हणून पाठांतर करू नका, वाक्याला प्रश्न विचारा.

दुसरी जागा कर्माची. 'गुरुजी म्हणाले की उद्या सहामाही परीक्षेचा निकाल आहे.' 'नसीमने विचारले की वाचनालय किती वाजता उघडते.' म्हणणे, सांगणे, विचारणे, जाणणे, ऐकणे, पाहणे, मानणे, ठरवणे ही क्रियापदे आली की त्यांच्या मागेपुढे नामवाक्य शोधावे.

तिसरी जागा विधानपूरकाची. 'खरी अडचण ही आहे की पुस्तके वेळेवर मिळत नाहीत.' अडचण हा कर्ता; त्याच्याविषयीचे विधान पुरे करते ते नामवाक्य. हेच उलटे करा : 'मुलीने पुढे शिकावे, ही आईची इच्छा होती.' येथे नामवाक्य कर्ता आणि 'इच्छा' पूरक. 'आईची इच्छा ही होती की मुलीने पुढे शिकावे' असे म्हटले की नामवाक्य पूरक झाले.

चौथी जागा नामाच्या शेजारची. तिला समानाधिकरण म्हणतात, म्हणजे एकाच गोष्टीची दोन नावे शेजारी ठेवणे. 'परीक्षा पुढे गेली, ही बातमी खोटी निघाली.' बातमी कोणती? परीक्षा पुढे गेली, ही. 'बातमी' हे नाव आणि 'परीक्षा पुढे गेली' हा त्या बातमीचाच मजकूर. अफवा, बातमी, कल्पना, विश्वास, शंका, अट, आश्वासन अशा नामांजवळ नामवाक्य नेहमी येऊन उभे राहते.

याशिवाय, वाक्याला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय थेट लागत नाही, म्हणून मराठी 'हा' हे सर्वनाम पुढे करते. 'तो वेळेवर येईल, यावर माझा विश्वास नाही.' 'काल काय घडले, याविषयी कोणी बोलेना.' ओझे नामवाक्याचे, पण ते उचलतो 'या' हा छोटा शब्द.

आता 'की' या अव्ययाविषयी दोन शब्द. 'की' दिसला की नामवाक्य आले, असे समजू नका. 'चहा घेणार की सरबत?' येथे 'की' विकल्प दाखवतो. 'तो इतका दमला की बसल्या जागी झोपला' येथे परिणाम दाखवतो; ते क्रियाविशेषणवाक्य. आणि ही जोडी पाहा : 'त्याने अशी गोष्ट सांगितली की सगळे हसले.' 'त्याने सांगितले की सगळे हसले.' पहिल्यात गोष्ट ऐकून लोक हसले. दुसऱ्यात लोक हसल्याची खबर त्याने दिली. तेच 'की' आणि तेच 'सगळे हसले', पण एका वाक्यात तो हसवणारा आहे आणि दुसऱ्यात केवळ खबर देणारा. विद्यार्थ्यांनो, अशा जोड्या स्वतः तयार करा. दहा व्याख्या पाठ करण्यापेक्षा अशा दोन जोड्या अधिक शिकवतात.

आता मी जरा तुमच्या घरात डोकावतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी उर्दू बोलतात, कोणाच्या घरी दखनी, कोकणातल्या कुटुंबांत कोकणी बोली, तर कित्येकांच्या घरी सरळ मराठीच. पुष्कळ पालकांना वाटते की घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि इंग्रजी तिसरी, त्यामुळे मुलाचा गोंधळ उडतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. निदान नामवाक्याच्या बाबतीत तरी आपल्या मुलाला घरातूनच मोठी शिदोरी मिळालेली असते.

उर्दूत आपण म्हणतो, 'उसने कहा कि मैं आऊँगा.' मराठीत म्हणतो, 'तो म्हणाला की मी येईन.' एक शब्द उचलून दुसरा ठेवावा इतका हा सारखेपणा आहे. याचे कारण इतिहासात आहे. जुन्या मराठीत हे काम 'जे' हा शब्द करी. पेशवाईतील पत्रांत 'विज्ञापना ऐसीजे' असा मायना असे. आज आपण अर्जात 'विनंती अशी की' लिहितो. मराठीतील हा 'की' आणि उर्दूतील 'कि' या दोहोंचे मूळ अभ्यासक फारसी 'के' या अव्ययात पाहतात. मराठी आणि फारसी यांचा हा संबंध विद्वानांनी मोठ्या आस्थेने अभ्यासला आहे. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ साली 'फार्सी-मराठी कोश' प्रसिद्ध केला. आणि उर्दूचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादेत असताना मराठीवरील फारसीच्या प्रभावावर उर्दूत स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते १९३३ साली निघाले.

आणि ही देवाणघेवाण एकतर्फी नाही. मराठीची स्वतःची जुनी ठेवण अशी की नामवाक्य आधी आणि क्रियापद शेवटी : 'तो उद्या येतो म्हणून म्हणाला', 'तो उद्या येतो असे म्हणाला.' आता दखनी बोलणाऱ्या आजीचे बोलणे आठवा : 'वो कल आता बोलके बोल्या.' दिल्ली-लखनौची उर्दू बोलणाऱ्याला हे चुकीचे वाटेल. पण मराठीत 'म्हणणे' या क्रियापदापासून 'म्हणून' झाले, तसेच दखनीत 'बोलना' पासून 'बोलके' झाले. दख्खनच्या मातीत तेलुगू, कन्नड आणि मराठी यांच्या शेजारात वाढलेली ती रीत आहे. आजीचे ते वाक्य अशुद्ध म्हणून हसण्याजोगे नाही. ते व्याकरणाच्या वर्गात फळ्यावर लिहिण्याजोगे आहे.

मराठीचे व्याकरण आपल्याकडे छापील स्वरूपात येऊनही आता बराच काळ लोटला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. या ग्रंथांच्या बळावर आपण वाक्याची फोड करतो. मग तीच फोड इंग्रजीच्या तासाला का विसरावी?

इंग्रजीत आपली मुले तीन ठिकाणी अडखळतात. पहिले ठिकाण प्रश्नाचे. 'तो कोठे राहतो?' हा प्रश्न. 'तो कोठे राहतो, हे मला माहीत नाही' यात तोच प्रश्न नामवाक्य झाला. मराठीत आणि उर्दूत शब्दांचा क्रम जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत मात्र 'व्हेअर डज ही लिव्ह?' हा प्रश्न नामवाक्य होताच 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्हज्' असा सरळ होतो. मुले सवयीने प्रश्नाचाच क्रम ठेवतात आणि गुण जातात. नियम एवढाच की नामवाक्य झाल्यावर प्रश्न हा प्रश्न राहत नाही, तो एक नाम होतो. मग त्याला प्रश्नाचा पोशाख कशाला?

दुसरे ठिकाण 'मी' आणि काळ यांचे. मराठीत 'तो म्हणाला की मी येईन' असे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. इंग्रजीत 'ही सेड दॅट ही वुड कम' असे पुरुष आणि काळ दोन्ही बदलावे लागतात.

तिसरे ठिकाण 'दॅट' चे. 'द न्यूज दॅट ही पास्ड' आणि 'द न्यूज दॅट ही ब्रॉट' ही दोन्ही वरकरणी सारखी दिसतात. मराठीत आणून पाहा. पहिले होते 'तो पास झाला, ही बातमी'. दुसरे होते 'जी बातमी त्याने आणली ती'. 'ही' किंवा 'अशी' आली तर नामवाक्य, 'जी-ती' आली तर विशेषणवाक्य. येथे इंग्रजीचे कुलूप मराठीच्या किल्लीने उघडते. मात्र एक सावधगिरी ठेवा. 'त्याने जे सांगितले ते खरे होते' याला मराठीत 'जे-ते' मुळे विशेषणवाक्य म्हणतात, पण इंग्रजीतील 'व्हॉट ही सेड वॉज ट्रू' यात 'व्हॉट ही सेड' हे नामवाक्य गणले जाते. दोन भाषा सख्ख्या शेजारी असल्या तरी प्रत्येकीचे घर निराळे.

पालकहो, आता तुमच्यासाठी. कचेरीतला अर्ज घ्या. 'विनंती अर्ज करतो की' असे लिहून माणूस घरची परिस्थिती सांगू लागतो. वडील आजारी आहेत, उत्पन्न थोडे आहे, भावंडे चार आहेत. आणि पान संपते. विनंती काय होती, ते नामवाक्य आलेच नाही! अर्ज वाचणाऱ्याने करायचे काय, हेच त्याला कळत नाही. परिस्थिती आधी स्वतंत्र वाक्यांत सांगावी आणि मग एकच वाक्य स्पष्ट लिहावे : 'तरी विनंती अशी की माझ्या मुलीस शिष्यवृत्ती मंजूर करावी.' लक्षात घ्या, विनंती, इच्छा, आज्ञा यांच्या नामवाक्यात क्रियापद 'करावी', 'द्यावे', 'व्हावे' असे येते. माहितीच्या नामवाक्यात 'आहे', 'झाले', 'मिळाली' असे येते. 'शिष्यवृत्ती मिळावी अशी विनंती' आणि 'शिष्यवृत्ती मिळाली असे समजते' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसरी गोष्ट साक्षीची. 'रफिक म्हणाला की मी पैसे भरले आहेत.' पैसे कोणी भरले? रफिकने, की हे वाक्य सांगणाऱ्याने? तोंडी बोलताना आवाजावरून कळते. कागदावर कळत नाही. भाडेपावतीचा वाद असो, भावाभावांतील वाटणी असो, पोलीस ठाण्यातील जबाब असो, अशा एका 'मी' पायी माणूस अडचणीत येऊ शकतो. म्हणून लेखी मजकुरात नाव घालावे : 'रफिकने स्वतः पैसे भरले आहेत, असे तो म्हणाला.' आणि आपला जबाब सही करण्यापूर्वी वाचून घ्यावा. 'मी पाहिले की', 'मी ऐकले की' आणि 'मला वाटते की' ही तीन निरनिराळी प्रधान वाक्ये आहेत. पुढचे नामवाक्य तेच असले तरी त्याचे वजन प्रत्येक वेळी बदलते.

हे आपल्याला नवीन नाही. हदीसचे संकलन करणाऱ्यांनी हेच शास्त्र उभे केले. इमाम बुखारी, ज्यांचे निधन इ. स. ८७० मध्ये झाले, त्यांच्या संग्रहात प्रत्येक हदीसपूर्वी सांगणाऱ्यांची साखळी दिलेली असते. अमुकाने सांगितले की तमुकाने सांगितले की त्याने अमक्याकडून ऐकले. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर नामवाक्याच्या पोटात नामवाक्य, त्याच्या पोटात आणखी एक. आणि मुहद्दिसांनी फक्त शेवटचा मजकूर तपासला नाही; साखळीतला प्रत्येक सांगणारा कोण होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो ज्याच्याकडून ऐकल्याचे सांगतो त्याला भेटला होता का, याची छाननी केली. त्यासाठी अस्माउर्रिजाल नावाचे वेगळे शास्त्रच निर्माण झाले. बातमीची शहानिशा करण्याची ताकीद तर कुरआन शरीफात, सूरह हुजुरातमध्ये, आहेच.

आज मोबाईलवर येणारे निरोप पाहा. 'असे समजते की', 'असे म्हणतात की', 'विश्वसनीय सूत्रांकडून कळते की'. म्हणतात, पण कोण म्हणतात? नामवाक्य भरभक्कम आणि प्रधान वाक्यात माणूसच नाही! अशा निरोपाने मोहल्ल्या-मोहल्ल्यांत घबराट पसरते, माणसामाणसांत वैर येते. निरोप पुढे ढकलण्यापूर्वी मुलाने एवढे जरी विचारले, 'या वाक्याचा प्रधान भाग कोठे आहे? कर्ता कोण?', तरी व्याकरणाच्या तासाचे चीज झाले, असे मी म्हणेन.

शेवटी एका वाक्याची आठवण करून देतो. कलमा-ए-शहादत आपल्या प्रत्येक लहानग्याला पाठ असतो. त्याची फोड करा. 'अश्हदु', म्हणजे 'मी साक्ष देतो', हे प्रधान वाक्य. पुढे 'अन' हे अव्यय, आपल्या 'की' सारखे. आणि मग नामवाक्य : अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही. पुन्हा एकदा 'मी साक्ष देतो', पुन्हा 'अन्न' हे अव्यय, आणि दुसरे नामवाक्य : मुहम्मद पैगंबर हे त्याचे बंदे आणि रसूल आहेत. नमाजातही आपण हे म्हणतो. येथे प्रधान वाक्यात 'लोक म्हणतात' नाही, 'असे समजते' नाही. 'मी' आहे. नामवाक्यातील सत्याची जबाबदारी बोलणारा स्वतःच्या शिरावर घेतो.

विद्यार्थी मित्रांनो, नामवाक्य हे परीक्षेत चार गुणांचे असेल, नसेल. परंतु आपण काय बोलतो आणि ते कोणाच्या भरवशावर बोलतो, हे ओळखण्याची सवय आयुष्यभर उपयोगी पडते. आज घरी गेल्यावर एक काम करा. घरात दिवसभरात ऐकलेली पाच वाक्ये वहीत लिहा, मग ती मराठी असोत, उर्दू असोत की दखनी. त्यांतील नामवाक्याखाली रेघ ओढा आणि ते कर्ता आहे, कर्म आहे, पूरक आहे की समानाधिकरण, ते समोर लिहा. आईवडिलांनी ती वही पाहावी. शाळेची पायरी न चढलेल्या आईलाही 'कोण म्हणाले आणि काय म्हणाले' हे नेमके सांगता येते. तेवढे आले की नामवाक्य आले.